पडद्यावरचा ब्लाइथ आणि खरा ब्लाइथ

वाचकहो, आरोग्याच्या सदरात एखाद्या युद्धमालिकेविषयी लिहावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. मलाही ते बरेच दिवस विचित्रच वाटत होते. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून घरी आलेल्या मुलाने आग्रह धरला, म्हणून ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही इंग्रजी मालिका मी पाहायला घेतली. रात्री दवाखाना बंद करून जेवण उरकले की एक भाग, असे दहा दिवस चालले. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून अधूनमधून विचारीत, “अजून किती जण मरायचे राहिलेत?” त्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु मेलेल्यांपेक्षा वाचलेल्यांचे काय झाले, याकडेच माझे लक्ष अधिक लागून राहिले. त्यातही एका सैनिकाविषयी या मालिकेने जी चूक केली आहे, तीच चूक मी माझ्या दवाखान्यात एकदा केलेली आहे. हा लेख त्या चुकीसाठी.

मालिका २००१ साली अमेरिकेतील एचबीओ वाहिनीवर प्रथम दाखवली गेली. स्टीव्हन स्पीलबर्ग आणि टॉम हँक्स हे तिच्यामागचे निर्माते, आणि इतिहासकार स्टीफन अँब्रोज यांचे १९९२ मधील त्याच नावाचे पुस्तक हा तिचा आधार. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये ५०६वी छत्रीधारी रेजिमेंट होती आणि तिच्यात ‘ईझी’ नावाची एक कंपनी होती. जॉर्जिया राज्यातील टोकोआ येथील प्रशिक्षण, ६ जून १९४४ रोजी मध्यरात्रीनंतर नॉर्मंडीत मारलेल्या उड्या, मग हॉलंड, मग बेल्जियममधील बास्टोनचा वेढा, आणि शेवटी बव्हेरिया-ऑस्ट्रियाच्या डोंगरांत संपलेले युद्ध, असा तिचा प्रवास दहा भागांत मांडला आहे. पात्रे कल्पित नाहीत. नावे खरी आहेत, आणि मालिका आली तेव्हा त्यांतील कित्येक जण हयात होते.

बहुतेक भागांच्या आरंभी हे हयात सैनिक स्वतः बोलताना दिसतात. त्यांची नावे शेवटच्या भागापर्यंत सांगितलेली नाहीत. पांढऱ्या केसांचे, नीटनेटके कपडे केलेले, कुणाच्याही आजोबांसारखे दिसणारे म्हातारे. वैद्यकाच्या सवयीने मी त्यांचे चेहरे पाहत होतो. पंचावन्न वर्षांपूर्वीची एखादी गोष्ट सांगता सांगता माणूस थांबतो, आवंढा गिळतो, नजर बाजूला वळवतो आणि पुन्हा वाक्य जोडू लागतो. मालिकेतील तोफगोळ्यांपेक्षा हे थांबणे मला अधिक बोलके वाटले.

आता त्या सैनिकाकडे येतो. त्याचे नाव आल्बर्ट ब्लाइथ. मालिकेचा तिसरा भाग जवळजवळ संपूर्णपणे त्याच्यावर आहे. नॉर्मंडीत उतरल्यानंतर कारँतां हे गाव जिंकण्यासाठी लढाई होते, आणि ती ओसरल्यावर प्रथमोपचार केंद्रात हा तरुण भिंतीला टेकून बसलेला आढळतो. त्याला दिसेनासे झाले आहे. डोळ्यांना जखम नाही, डोक्याला मार नाही. कंपनीचे अधिकारी डिक विंटर्स त्याच्याजवळ येऊन बसतात, काय झाले ते शांतपणे विचारतात, काळजी करू नकोस, तुला इंग्लंडला परत पाठवू, असा धीर देतात. थोड्याच वेळात त्याची दृष्टी परत येते. हा प्रसंग पटकथाकाराच्या कल्पनेतून आलेला नाही. स्वतः विंटर्स यांनी तो सांगितलेला आहे.

पाहणाऱ्याला पहिली शंका येते ती ही, की पोरगा सोंग तर करीत नव्हता? माझ्या मुलानेही तेच विचारले. वैद्यकात या प्रकाराला पूर्वी ‘हिस्टेरिकल’ अंधत्व म्हणत; आता ‘फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर’ या गटात त्याची गणना होते. डोळा शाबूत असतो, मेंदूकडे जाणारी नस शाबूत असते, प्रकाश टाकला की बाहुली आकुंचन पावते. तरीही माणसाला दिसत नाही. वीज आहे, तारा आहेत, दिवाही धड आहे, आणि खोलीत अंधार आहे, असा काहीसा हा प्रकार. रुग्ण हे जाणूनबुजून करीत नाही. त्याला खरोखरच दिसत नसते, आणि त्याची भीतीही खरी असते.

असे रुग्ण पाहायला युद्धभूमीवर जावे लागत नाही. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर एखाद्या मुलीची वाचा बसते, नव्याने नांदायला गेलेल्या सुनेचे पाय एकाएकी लुळे पडतात. घरची मंडळी तिला दवाखान्यात आणतात खरी, पण दारातच हळू आवाजात सांगतात, “डॉक्टर, नाटक आहे हो सगळं.” माझी विनंती आहे की हा शब्द रुग्णाच्या कानांवर पडू देऊ नये. तो एकदा ऐकला की बरे होण्याची वाट अधिक बिकट होते, कारण आता बरे होणे म्हणजे आपण खोटे होतो अशी कबुली दिल्यासारखे होते. याच्याच जोडीने दुसरी सूचना. एकाएकी दिसेनासे झाले तर ते मनाचे आहे असे घरच्या घरी कधीही ठरवू नये. डोळ्याच्या पडद्याची रक्तवाहिनी बंद होणे, पडदा सुटणे, काचबिंदूचा झटका, पक्षाघात, विषारी दारू, अशी अनेक कारणे असतात, आणि त्यांतील काहींत तासांचाच अवधी मिळतो. आधी तपासणी, मग मनाचा विचार.

विंटर्स यांनी जे केले, ते त्यांनी एखाद्या पुस्तकात वाचले होते असे नव्हे. परंतु ते शास्त्राला धरून होते. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्याखाली हजारो सैनिक थरथरू लागले, मुके झाले, आंधळे झाले. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. अशा सैनिकांना दूरच्या रुग्णालयांत धाडले की ते बहुधा महिनोन्‌महिने तसेच राहतात, असे अनुभवास येऊ लागले. तेव्हा अमेरिकी सैन्यातील थॉमस सामन आदी वैद्यांनी उपचारांची निराळी रीत बसवली. रुग्णाला आघाडीच्या जवळच ठेवावे, उपचार विनाविलंब सुरू करावेत, त्याला ऊब, अन्न आणि झोप द्यावी, आणि पहिल्या दिवसापासून त्याला सांगावे की तू थकला आहेस, तू वेडा झालेला नाहीस, तू बरा होणार आहेस. यातला हेतू पूर्णपणे निर्मळ नव्हता, हेही सांगितले पाहिजे. सैन्याला माणसे पुन्हा खंदकात हवी होती. तरीही ‘तू बरा होणार आहेस’ हे सांगणे उपचारांचाच भाग आहे, ही ओळख त्यातून पटली.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही त्याच सैन्यातले आहे. ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीत जनरल पॅटन यांनी रुग्णालयांना भेटी देताना दोन सैनिकांना भित्रे ठरवून थोबाडीत मारल्या. त्यांपैकी एकाला मलेरिया आणि जुनाट अतिसार होता, असे नंतर तपासणीत निघाले. पॅटन मोठे सेनानी होते यात वाद नाही, पण रोगनिदान हा त्यांचा प्रांत नव्हता.

पुन्हा ब्लाइथकडे. मालिकेत त्याला पुढे टेहळणीच्या वेळी लपलेल्या शत्रूची गोळी मानेत लागते. भाग संपतो आणि पडद्यावर अक्षरे उमटतात: या जखमेतून तो कधीच सावरला नाही, १९४८ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पाहणारा हळहळतो. भेदरलेला, काही क्षण आंधळा झालेला, मग धीर गोळा करून पुढे आलेला आणि लगेच कोसळलेला तरुण. कथेच्या दृष्टीने हा शेवट कसा अगदी बेतून शिवल्यासारखा बसतो.

मात्र तो खरा नाही. आल्बर्ट ब्लाइथ १९४८ मध्ये वारला नाही. त्याची जखम खांद्याच्या भागात होती आणि ती भरून आली. तो सैन्यातच राहिला. कोरियाच्या युद्धात गेला, बढत्या घेत मास्टर सार्जंट झाला, त्याने संसार केला. डिसेंबर १९६७ मध्ये, सैन्याच्या सेवेत असतानाच, जर्मनीतील वीसबाडेन येथे त्याचा अंत झाला. कारण होते जठरव्रण फुटणे आणि शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडे निकामी होणे. त्याच्या थोडेच दिवस आधी तो बास्टोनच्या लढाईच्या स्मृतिसोहळ्याला जाऊन आला होता. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली.

एकोणीस वर्षे! मालिकेने एका माणसाच्या आयुष्यातील एकोणीस वर्षे पुसून टाकली. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. जखमी होऊन गेल्यावर ब्लाइथ पुन्हा या कंपनीत परतला नाही, जुन्या सोबत्यांशी त्याचा संपर्क राहिला नाही, आणि तो गेला असावा असे त्यांनी धरून चालले. लेखकाने ते लिहिले, निर्मात्यांनी ते पडद्यावर आणले. मालिका आल्यावर त्याच्या कुटुंबीयांकडून खरे काय ते कळले. मला बोचते ते एवढेच, की हे खोटे इतक्या सहज खपून कसे गेले. कंपनीतील अत्यंत कणखर, हातबॉम्ब फेकण्यात पटाईत अशा एखाद्या सैनिकाविषयी ‘तो कधीच सावरला नाही’ असे कुणी लिहिले असते, तर चार जणांनी चौकशी केली असती. जो भीतीने आंधळा झाला होता, त्याच्याविषयी कुणालाच शंका आली नाही. असा माणूस सावरत नसतो, हे आपण आधीच ठरवून टाकलेले असते.

दुसरे उदाहरण लेफ्टनंट बक कॉम्प्टन यांचे. बास्टोनजवळच्या जंगलात जानेवारी १९४५ मध्ये तोफांच्या माऱ्यात जो टॉय आणि बिल ग्वार्निअर या त्यांच्या दोन जिवलग सहकाऱ्यांचे पाय तुटतात. ते दृश्य पाहून कॉम्प्टन आतून मोडून पडतात, असे मालिका दाखवते. त्यांना मागे हलवले जाते, आणि पायांचा विकार हे नुसते निमित्त असावे, अशी प्रेक्षकाची समजूत होते. पुढे कॉम्प्टन यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, तेव्हा या चित्रणाशी त्यांनी असहमती नोंदवली. पायांचा विकार त्यांना खरोखरच झाला होता. युद्धानंतर ते वकील झाले, रॉबर्ट केनेडी यांच्या खुनाच्या खटल्यात सरकारी पक्षाकडून उभे राहिले, आणि कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयात न्यायाधीश झाले. २०१२ मध्ये, नव्वदीत, ते निवर्तले. आता, स्वतःतील बदल माणसाला स्वतःला सर्वांत शेवटी दिसतो, हेही मी रोज पाहतो. तेव्हा सोबत्यांना जे दिसले ते सर्वस्वी चूक होते, असे मी म्हणणार नाही. पण माणूस हयात असताना त्याच्या मनाची परीक्षा त्याला न विचारता लिहू नये, एवढे तरी पथ्य हवे.

बास्टोनमधील एका परिचारिकेचीही अशीच कथा आहे. ऑगस्टा शिवी ही बेल्जियन-काँगोली परिचारिका वेढ्याच्या काळात अमेरिकी जखमींची शुश्रूषा करीत होती. मालिकेत ती ‘ॲना’ या नावाने थोडा वेळ दिसते. तिची सहकारी रेने लेमेर २४ डिसेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात मृत्यू पावली, आणि शिवीही गेली असा समज अनेक वर्षे टिकून राहिला. मार्टिन किंग या इतिहासकाराने चिकाटीने शोध घेतला तेव्हा ती बेल्जियममध्येच म्हातारपण कंठीत असल्याचे आढळले. त्या दिवसांविषयी ती सहसा बोलतच नसे. २०११ मध्ये तिचा सन्मान झाला, २०१५ मध्ये ती वारली.

कॉम्प्टन यांच्या पायांचा उल्लेख आला आहे, तर त्याविषयी दोन शब्द. ‘ट्रेंच फूट’ म्हणजे खंदकातले पाय. त्यासाठी बर्फ लागतेच असे नाही. शून्याच्या वरची थंडी, ओले मोजे, घट्ट बूट आणि न हलता घालवलेले तास, एवढे पुरते. पायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, पाय आधी बधिर, फिकट पडतात. ऊब मिळाली की लाल होऊन सुजतात आणि विलक्षण ठणकतात. उपेक्षा झाली तर बोटे काढावी लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात भातलावणी करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत होतात त्या चिखल्या निराळ्या. तो बुरशीचा आणि ओलीचा प्रकार. पण पाय कोरडे ठेवणे आणि मोजे बदलणे, हे पथ्य दोन्हींत एकच. ईझी कंपनीतील सैनिकांपाशी त्या हिवाळ्यात पुरेसे गरम कपडेही नव्हते. मालिकेच्या सहाव्या भागात कंपनीचा वैद्यकीय साहाय्यक यूजीन रो एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात मॉर्फीनची सिरिंज आणि कात्री मागत फिरतो. संपूर्ण मालिकेत मला सर्वांत जवळचा वाटला तो हाच माणूस. दुसऱ्यांच्या वेदना थांबवता थांबवता तो स्वतः गप्प गप्प होत जातो, ते फार संयमाने दाखवले आहे.

हे सारे अमेरिकेचे झाले. त्याच सुमारास आपली मराठी मुले इटलीत लढत होती. नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये टायबर नदीच्या खोऱ्यातील लढाईत वीरमरण आले. शिपाई नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवरच्या लढाईतून वाचले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्यपदकांच्या कथा आपण शाळेत सांगतो. घरी परत आलेल्यांना रात्री झोप लागत होती का, हे मात्र त्यांच्या घरच्या बायकांनाच ठाऊक असणार.

माझा दवाखाना सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. या जिल्ह्यात फौजेची परंपरा मोठी; अपशिंगे गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द जोडलेला आहे. हुद्दा कोणताही असो, निवृत्त होऊन आलेल्या फौजीला आमच्याकडे ‘मेजर’च म्हणतात. असेच एक मेजर, प्रत्यक्षात हवालदार, साधारण वीस वर्षांपूर्वी माझ्याकडे येऊ लागले. वय चाळिशीच्या आत. तक्रार झोपेची. स्टुलावर बसण्यापूर्वी ते तो भिंतीकडे सरकवीत, दार समोर दिसेल असा. बरोबर त्यांच्या पत्नी असत. त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, सुट्टीवर यायचे तेव्हा हे असे नव्हते. आता रात्री तीन-तीनदा कडी बघतात. पोरगं मागनं आलं तर अंगावर धावून जातात. दिवाळीत फटाके वाजले की उठून रानातल्या खोपीत जाऊन बसतात, ते सकाळपर्यंत.” मेजर खाली मान घालून ऐकत होते.

मी त्यांना झोपेची गोळी लिहून दिली. पत्नीला बाजूला घेऊन म्हणालो, “वहिनी, लढाईतनं आलेला माणूस आहे, आता हे असंच चालायचं. सांभाळून घ्या.” मला वाटले, मी मोठ्या समजुतीने बोललो. केसपेपरवर गोळीचे नाव आणि ‘पुन्हा तेच’ एवढेच शब्द पुढची सहा-सात वर्षे पडत राहिले. गोळीचा डोस एकाचा दोन झाला. कॅन्टीनच्या कोट्यातली बाटली महिनाभर पुरत नाही, असेही कानांवर आले. त्यावर मी चार शब्द सुनावले आणि गप्प बसलो.

त्यांना ‘पीटीएसडी’ म्हणजे आघातोत्तर तणावाचा विकार होता. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात या नावाने त्याची नोंद १९८० पासून आहे. मी शिकत असताना ते पुस्तकात होते, आणि परीक्षेपुरते मला येतही होते. घडलेली गोष्ट पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, तिची आठवण करून देणारे सारे टाळणे, सतत सावध आणि दचकलेले असणे, माया आटल्यासारखी वाटणे. हे सर्व महिन्याहून अधिक काळ टिकले आणि संसाराच्या आड येऊ लागले, तर हे निदान मनात आणावे. यावर उपचार आहेत. त्या आठवणींना तज्ज्ञाच्या सोबतीने टप्प्याटप्प्याने सामोरे नेणारी मानसोपचार पद्धती हा त्यांतला मुख्य. सर्ट्रालीनसारखी औषधेही उपयोगी पडतात. आणि मी देत होतो त्या जातीच्या, सवय लावणाऱ्या झोपेच्या गोळ्या या विकारात वर्षानुवर्षे देऊ नयेत, असेच आजचे मार्गदर्शन आहे.

मेजरना त्यांच्या मेव्हण्यांनी नेले. तेही निवृत्त फौजीच. माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून चिठ्ठी घेऊन त्यांनी त्यांना मोठ्या रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवले. मला हे ठाऊकही नव्हते. वर्ष-दीड वर्षाने मेजर रक्तदाब तपासायला आले, तेव्हा काहीतरी निराळे वाटले, पण काय ते लक्षात येईना. पट्टा बांधताना लक्षात आले. स्टूल होते तिथेच होते, आणि ते दाराकडे पाठ करून बसले होते. गोळीविषयी विचारले, तर म्हणाले, “साहेब, तुमच्या गोळीनं झोप लागायची. पण झोपेत मी तिथंच असायचो.” बोलण्यात राग नव्हता. मला मात्र त्या दिवशी पुढचे रुग्ण तपासणे जड गेले.

मालिकेने एका सैनिकाची एकोणीस वर्षे पुसली. मी एका जित्या माणसाची सात वर्षे, त्याच्या बायकोच्या देखत, ‘असंच चालायचं’ म्हणून मोडीत काढली होती.

म्हणून, ज्यांच्या घरी असा कुणी आहे, त्यांच्याशी थेट बोलतो. तो फौजीच असेल असे नाही. अपघातातून वाचलेला एसटीचा चालक असेल, महापुरात माणसे गमावलेला असेल, अतिदक्षता विभागात राहून आलेला असेल. ‘किती दिवस तेच धरून बसणार?’ असे विचारू नका. काय घडले ते खोदून काढण्याचाही आग्रह नको. सांगावेसे वाटेल तेव्हा ऐकायला माणूस आहे, एवढे त्याला कळले तरी पुरे. झोपेत दचकला तर अंगाला हात लावून हलवू नका, जरा दुरून नावाने हाक मारा. दारूकडे केवळ व्यसन म्हणून पाहू नका. मालिकेतील कॅप्टन लुईस निक्सन सतत बाटली जवळ बाळगून असतात. युद्धानंतरही त्यांची बरीच वर्षे वाया गेली, आणि १९५६ मध्ये ग्रेस यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांच्या आयुष्याला स्थैर्य आले. अनेकदा दारू हे माणसाने स्वतःच स्वतःला लिहून दिलेले झोपेचे औषध असते. ती सुटायला हवीच; पण ती एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर ती धमकी समजू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दाखवा.

कुठे दाखवायचे? मानसोपचारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात असतात. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस आहे, आणि मार्ग सापडत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते, आणि मराठीत बोलता येते. माझ्यासारख्या घरच्या डॉक्टरने ‘असंच चालायचं’ असे सांगितले, तर कृपया दुसऱ्याला विचारा. मला राग येणार नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी मेजरची परवानगी घेतली. गाव, पलटण, काही येणार नाही, असे सांगितले. त्यांनी विचारले, “शेवट काय लिहिणार?” मी म्हणालो, बरे झाले असे लिहितो. त्यांनी मान हलवली. “तसं नका लिहू. औंदाच्या दिवाळीलाही मी खोपीत गेलो होतो. फक्त नातवंडं बरोबर आली. कंदील घेऊन. आठ वाजता जेवायला घरी आलो आम्ही.” मग त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. रक्तदाब १३४ वर ८२ निघाला. त्यांना मीठ कमी करायला सांगितले आहे.